उजवं मागचं चाक

मंगळवार, २ डिसेंबर २०२५

थप्, थप्. मग बरंच काही. मग एकच, थप्.

आज अबोलीनं डिकी आपटून बंद केली आणि हा आवाज बत्तीस वर्षं ओलांडून आला. शाळेत पाठ केलेली कविता पहिल्या शब्दाला धरून सगळी वर येते, तशी ती संध्याकाळ वर आली. श्रावण, दिवेलागणीची वेळ. लग्नाला अकरा वर्षं झाल्यावर ताराला दिवस गेलेले आणि आता कळा सुरू झालेल्या. दवाखान्यात लवकर पोचावं म्हणून मी आडरस्ता धरला, आणि वीटभट्टीजवळच्या राखेच्या चिखलात आमची कॉन्टेसा रुतली. उजवं मागचं चाक जागच्या जागी फिरत राहिलं.

भट्टीवरून एक माणूस धावत आला. अंगभर राख, चेहरा कळत नव्हता. धक्का देऊन पाहिला, जमलं नाही. मग म्हणाला, "मागं वजन पाहिजे जी," आणि डिकीवर चढून बसला. पत्र्यावर हातानं दोन थापा मारल्या, म्हणजे चला. चाकानं जमीन धरली. गाडी अशी उसळली की माझी मान मागे आपटली. पुढे रस्ता खदानीच्या काठाकाठानं वळत होता. विटांसाठी माती काढून काढून झालेला तो खोल खड्डा, पावसानं भरलेला. वळणाच्या जरा आधी ती तिसरी थाप आली. निरोपाची. मागच्या सीटवरून तारा "थांबा, थांबा" ओरडत होती. कळा सोसवत नसतील, म्हणून मी आणखी जोरात दाबलं. वेळेत पोचलो. अबोली झाली.

भला माणूस. आभार मानायचे राहून गेले. कविता करणाऱ्याला अशी माणसं आयुष्यभर पुरतात.

हे सगळं आज लिहायचं कारण वेगळंच आहे. जेवताना अबोली म्हणाली, "बाबा, जानेवारीत मी म्हशीला पळवणार."

म्हैस म्हणजे हीच गाडी. काळी, रुंद आणि हट्टी, म्हणून वसाहतीतल्या पोरांनी ठेवलेलं नाव. एका खासगी धावपट्टीवर जुन्या गाड्यांची सरळ रेषेतली शर्यत असते, दोन-दोन गाड्यांची. गेल्या वर्षी अबोली उतरली तेव्हा चाक जागेवर फिरत राहिलं, नुसता धूर. बाजूच्या गाडीतली पोट्टी म्हणाली, "म्हैस रवंथ करून राहिली." अबोली बँकेत दिवसभर लोकांचं ऐकून घेते, पण हे तिच्या मनात रुतून बसलं आहे.

"मी ह्याच गाडीतून जगात आले," ती म्हणाली. "हिला एकदा तरी सरळ पळताना बघायचंय मला."

तारा मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "ती गाडी विका."

त्या संध्याकाळनंतर तारा या गाडीत बसलेली नाही. कुठे जायचं तर ऑटो, नाहीतर बस. बाळंतपणाची धास्ती काही बायकांच्या मनातून जात नाही.

रविवार, ७ डिसेंबर

धम्मानंद आला. चाळीस वर्षांची दोस्ती. मी ऑफिसात पत्रं लिहायचो, तो वर्कशॉपमध्ये लोखंडाशी भांडायचा. आता कोराडीला राहतो. त्याच्या घराच्या अलीकडे एक ले-आऊट पडलं आहे, रस्ते झाले पण प्लॉट विकले गेले नाहीत. लांब, सरळ, रिकामा रस्ता. तिथे सराव करायचं ठरलं.

अबोलीनं क्लच सोडला. किंचाळी, धूर, आणि गाडी हळूहळू निघाली. धम्मानंदनं मला रस्त्यावर उठलेला टायरचा काळा पट्टा नेऊन दाखवला.

"पाहा भाऊ. पट्टा एकच. उजव्या चाकाचा. इंजिन पीळ मारते तेव्हा उजवं मागचं चाक हलकं होते. अन् जे चाक हलकं, सगळी ताकद त्याच्याचकडं पळते. डावं बसते पाहत."

"माणसांचंही असंच असतं," मी म्हटलं.

"तुम्ही कविता नका करू. हवा कमी करा."

हवा कमी केली. टायर जमिनीवर पसरून बसला. पट्टा जरा रुंद उठला, पण एकच. थंडीतली दुपार, कापसासारखं ऊन. रस्त्याच्या टोकाला एक चिंचेचं झाड आहे, त्याच्यामागे पाणी. बोर्डावर लिहिलं आहे, 'तलावदर्शन नगर'. झाड ओळखीचं वाटलं. माझ्या वयात सगळीच झाडं ओळखीची वाटतात.

शनिवार, १३ डिसेंबर

धम्मानंदनं मागच्या पाट्यांना, म्हणजे स्प्रिंगच्या लोखंडी पट्ट्यांना, शिकंजे आवळले. जोर आला की पाटे वळतात आणि चाक उड्या मारतं, ते थांबेल म्हणे. अबोलीनं मऊ रबराचे दोन टायर आणले. सुरुवातीला त्यांच्याखाली पाणी ओतायचं, जागेवर फिरवून तापवायचे, तापले की चिकट होतात. चिकटपणासाठी आधी जळावं लागतं, हे सहावीत कविता शिकवणाऱ्या मास्तरांना आवडलं असतं.

इंजिन नुसतं चालू ठेवून ऐकत बसलो. चक्क भुजंगप्रयातात चालतं. लगागा लगागा लगागा लगागा. ऐकता ऐकता एक ओळ आपोआप आली:

धरावी कुणी वाट पाठी बसूनी

पाठी कोण बसलंय ते मला ठाऊक नाही. वृत्तात बसत होतं म्हणून बसवलं. ताराला म्हणून दाखवली. तिनं गॅस बंद केला आणि मागच्या अंगणात जाऊन उभी राहिली.

रविवार, १४ डिसेंबर

नवे टायर, आवळलेले पाटे. तरीही पट्टा एकच.

"वजनच पाहिजे," धम्मानंद म्हणाला. "डिकीत, उजव्या अंगाले. माणूस बसवता येत नाही, नियम आहे शर्यतवाल्याईचा. पोतं चालते, घट्ट बांधलं तं." त्याच्या मेहुण्याचा राखेच्या विटांचा धंदा आहे. तिथून राखेची दोन पोती आणली आणि आमच्या पोर्चमध्ये डिकीत चढवली.

तारा दारात आली. "राख काहून आणली घरात?"

"वहिनी, वजनाले," धम्मानंद म्हणाला.

"दुसरं काही मिळालं नाही? रेती नव्हती?"

"रेती महाग झाली वहिनी. राख फुकट आहे."

तारा हसली नाही. जेवलीही नाही. पित्त झालं असेल.

रविवार, २१ डिसेंबर

आज दोन पट्टे.

किती आनंद झाला म्हणून सांगू. मी अबोलीच्या बाजूला बसलो होतो. तिनं टायर तापवले, इंजिन वर नेलं, आणि मागे डिकीवर कोणीतरी मारावी तशी थप्, थप्. तिनं क्लच सोडला. गाडी किंचाळली नाही. गपकन जमीन धरली आणि सुटली. माझी मान मागे आपटली, अगदी तशीच. दोन काळे पट्टे, शेजारी शेजारी, दुरेघी वहीसारखे.

"बाबा, पोतं सुटलं का? मागे काहीतरी आपटलं," अबोली म्हणाली.

थांबून डिकी उघडली. डिकी रिकामी होती.

घरी फोन केला. तारानं पहाटेच पोती उतरवून भिंतीशी ठेवली होती. या वयात, एकटीनं. विचारलं तर म्हणाली, "मला गाडीत राख नको." म्हणजे आज वजन नव्हतंच. मग धरलं कशानं? मला वाटतं टायर रुळले. चपला रुळतात तसे.

धम्मानंद रस्त्याच्या कडेला उभा राहून पाहत होता. हळूहळू चालत आला.

"डिकीवर कोणाले बसवलं होतं, गा?"

"कोणाला बसवणार? माणूस चालत नाही म्हणून तूच सांगितलंस."

तो टायर पाहत राहिला. "छप्पन सालीच आमच्या बापानं देव अन् भुतं दोन्ही घराबाहेर काढले. त्यामुळे मी काही पाहिलं असं म्हणत नाही."

त्याच्या डाव्या डोळ्यातला मोतीबिंदू पिकला आहे. ऑपरेशन टाळत राहतो.

नंतर चिंचेखाली चहा प्यायलो. तो म्हणाला, पूर्वी इथे सगळ्या वीटभट्ट्या होत्या, आणि तो तलाव म्हणजे जुनी खदान. ले-आऊटवाल्यांनी नुसतं नाव बदललं. "आमच्या वस्तीतला बळीराम इथंच कामाले होता. त्र्याण्णवच्या पावसाळ्यात खदानीत गेला. पोहणारा माणूस, पण डोक्याले मार लागला होता. कोणी म्हणे गाडीवरून पडला. कोणाची गाडी, कोणती गाडी, पत्ता लागला नाही. बायको होती घरी, भीमाबाई. पोरगी पाळण्यात."

मी म्हटलं, अरेरे. चहा चांगला होता, आलं टाकलेला.

बुधवार, २४ डिसेंबर

सकाळी तारा पोर्चमध्ये डिकी पुसत होती. मला बरं वाटलं. बत्तीस वर्षांत तिनं गाडी कधी पुसली नव्हती. जवळ गेलो तर ओल्या फडक्याला राखाडी डाग, आणि पत्र्यावर एक पंजा अर्धवट पुसलेला. अबोलीचा नव्हे, तिचा हात लहान आहे.

"धम्मानंदचा असेल, पोती चढवताना लागला असेल," मी म्हटलं.

"काल पण पुसला होता," ती म्हणाली. "परवा पण."

राख चिकट असते.

गाडी मागून उजव्या अंगाला दोन बोटं खाली बसलेली दिसते आहे. डिकीत काही नाही. पाटे थकले, माझ्यासारखे.

रविवार, २८ डिसेंबर

पुन्हा दोन पट्टे. सुटताना त्या दोन थापा, मी आता त्यांची वाटच पाहतो. पण आज एक नवीन गोष्ट झाली. चिंच जवळ यायला लागली, अबोलीनं अजून ब्रेकवर पाय ठेवला नव्हता, आणि मागून एक थाप आली. एकच. अबोलीनं दचकून ब्रेक दाबला.

हे मी धम्मानंदला सांगितलं. तो आज गाडीकडे पाठ करून उभा होता.

"दोन म्हणजे चला," तो म्हणाला. "अन् एक म्हणजे थांबा, मले उतरायचं आहे. बसमध्ये कंडक्टर नाही का मारत. डिकीवर, ट्रॅक्टरवर, कुठंही लटकलेला माणूस असंच मारते."

"हो का," मी म्हटलं. "मला इतके दिवस वाटायचं, एक म्हणजे निरोप."

धम्मानंद माझ्याकडे वळला. "कोणत्या दिवसांपासून, भाऊ?"

सांगणार होतो, पण अबोलीनं हाक मारली. वळून पाहिलं तर तो कोराडीच्या दिशेनं पायी निघाला होता. संध्याकाळी फोन लावला, त्याच्या सुनेनं उचलला. बाबांची तब्येत बरी नाही, म्हणाली.

रविवार, ४ जानेवारी २०२६



धम्मानंद आला नाही. आम्ही दोघंच गेलो. अबोलीला शेवटपर्यंत वेग ठेवायचा होता, कारण शर्यतीत आधी पाय काढला की गेलं. दोन थापा. सुटलो. असा वेग या म्हशीला कधी नव्हता. मी मनात लगागा लगागा म्हणत होतो. मग एक थाप. अबोलीनं पाय काढला नाही. पुन्हा एक. मग घाईघाईनं, एक, एक, एक, कोणी मुठीनं मारावं तशी. गाडीचा मागचा भाग खदानीकडे ओढला जाऊ लागला. अबोली स्टीअरिंग उलटं फिरवत होती, आणि मी काय करावं, मी "थांब" म्हणायच्या ऐवजी डोळे मिटले. थांबलो तेव्हा मागचं चाक काठापासून हातभर. पाणी अगदी शांत. चिंचेची पानं त्यावर पडत होती.

अबोलीनं हँडब्रेक ओढला. म्हणाली, "पण बाबा, पकड किती छान होती. सोडलंच नाही तिनं. धावपट्टीवर बाजूला पाणी नसेल."

घरी तारानं सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं ती रागावेल. तिनं फक्त विचारलं, "एक की दोन?"

"काय?"

"थापा. काठाजवळ. एक एक की दोन दोन?"

"एक एक," मी म्हटलं. तिला थापांचं कोणी सांगितलं, मी तर बोललो नव्हतो. धम्मानंदनं फोन केला असेल.

ती अबोलीजवळ जाऊन बसली. "जाऊ नको वं," म्हणाली. "मी तुला आजवर काही मागितलं नाही."

"आई, एकदाच. नंतर गाडी तू म्हणशील त्याला देऊन टाकू."

"त्याला एकदाच पुरलं होतं," तारा म्हणाली. कोणाला, ते बोलली नाही.

शनिवार, १० जानेवारी

तारा आज कामठीकडे गेली. तिकडे तिची कोणी मैत्रीण आहे. दरवर्षी अबोलीच्या वाढदिवसाला घरी गोड करत नाही, सकाळीच बस धरून तिच्याकडे जाते. सोबत एक लुगडं, थोडे गहू, कधी औषधं. मी कधी खोलात गेलो नाही, बायकांच्या मैत्रीत पुरुषानं काय शिरायचं. पण वाढदिवस तर पावसाळ्यात. आज काहून?

दुपारी परत आली, थकून. "ती तिथे राहत नाही आता. लेकीकडे गेली म्हणतात, खापरखेड्याला. नीट पत्ता कोणी देत नाही."

"पुढच्या वर्षी भेटेल," मी म्हटलं.

"शर्यतीच्या आत भेटायला पाहिजे," ती म्हणाली, आणि पाय न धुताच आत गेली.

गुरुवार, १५ जानेवारी

शर्यत रविवारी. अबोली रोज बँकेतून येऊन टायरांची हवा मोजते. गाडी आता चांगली चार बोटं खाली बसली आहे. मी डिकीत वाकून पाहिलं, स्टेपनी आणि जॅक, बस. हात ठेवून वर उचलून पाहिलं. वजन असल्यासारखं दाबून बसलं होतं, आणि पत्रा थंडीतही कोमट होता. ऊन पडत असेल संध्याकाळचं, तिरपं.

रात्री ओळीला जोडओळ शोधत होतो. सुचली नाही. पहिल्या ओळीतला तो 'कुणी' काही केल्या पुढे सरकत नाही.

शनिवार, १७ जानेवारी

तारा पहाटेच निघून गेली. गॅसवर पोहे झाकून ठेवलेले, सोबत चिठ्ठीही नाही. अबोलीनं दोनदा फोन केला, लागला नाही. आज धम्मानंदचा मात्र आला. म्हणाला, "वहिनीले मी पत्ता देला, भाऊ. मले माफ करा, नाहीतं करू नका."

"कोणाचा पत्ता?"

त्यानं फोन ठेवला.

संध्याकाळी अबोली पोर्चमध्ये गाडीजवळ बसून हवा मोजत होती. मी आत दिवा लावून काडी विझवत होतो. दारावर थाप पडली. एकच.

उघडलं तर तारा, आणि तिच्यामागे चौकटीला हात धरून एक म्हातारी बाई. पाठीत वाकलेली, केस पांढरे, अंगावर हिरवं लुगडं. ते लुगडं मी ओळखलं. मागल्या पावसाळ्यात तारानं घेतलं तेव्हा पिशवी मीच धरली होती.

"ह्या भीमाबाई," तारा म्हणाली.

मी म्हटलं, "या, बसा." त्या माझ्याकडे पाहत नव्हत्या. माझ्या बाजूनं, दारातून बाहेर, पोर्चकडे पाहत होत्या. अबोली हातात हवेचं मीटर घेऊन उभी राहिली होती.

"हेच का थे पोट्टी?"

"हो," तारा म्हणाली.

भीमाबाई पायरी उतरून तिच्याजवळ गेल्या. तिच्या गालावरून हात फिरवला, मग हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं. घरात आलेली सून पाहतात तसं. "चांगली झाली," म्हणाल्या. "माही पोरगी इच्याहून चार महिन्यानं मोठी."

मग त्या गाडीच्या मागे गेल्या. डिकीवर हात ठेवला, पण थाप मारली नाही. पदर सारखा केला आणि जरा खालच्या आवाजात, चारचौघांत नवऱ्याशी बोलावं तसं म्हणाल्या,

"उतरा जी आता. थांबली गाडी. पोहोचले ते लोकं, पोरगी झाली, मोठी झाली. तुमचं काम झालं. घरी चाला."

काहीच हललं नाही. शेजारच्या गच्चीवर कोणाचा तरी पतंग फडफडत होता. मग पाट्यांनी कुर्र केलं. गाडीचा मागचा भाग सावकाश वर आला, एक बोट, आणखी एक, आणि सरळ झाला. भीमाबाई फाटकाच्या बाजूला सरल्या, आधी दुसऱ्या कोणाला जाऊ द्यावं तशा. पोर्चच्या फरशीवर बारीक राख सांडली होती, फाटकापर्यंत.

अबोलीनं वाकून टायरला हात लावून पाहिला. "बाबा, उद्या पुन्हा एकच पट्टा उठेल."

"उठू दे," तारा म्हणाली. "म्हैस म्हणतील, म्हणू दे. तू हळू जा."

ती माझ्याजवळ येऊन उभी राहिली. तिच्या पायांना खापरखेड्याच्या रस्त्याची धूळ होती. माझ्या हातात अजून ती विझलेली काडी.

"त्या दिवशी मी तुम्हाला थांबा म्हणत होते," ती म्हणाली. "मला कळा नव्हत्या येत तेव्हा."